संगणक आणि जमिनीची नोंद

शासकीय कचेरीत संगणक आला म्हणजे तेथील माहितीची व्यवस्था आपोआप सुधारते, असा एक समज रूढ आहे. श्रोतेहो, बंगळूरच्या महसूल खात्याने राबविलेल्या 'भूमी' योजनेचा इतिहास हा समज पारखून पाहण्यास पुरेसा आहे.

महाराष्ट्रात जसा सातबाराचा उतारा, तशी कर्नाटकात 'पहाणी'. शेतकऱ्यास कर्ज काढावयाचे असो वा न्यायालयात दाद मागावयाची असो, हा कागद लागतोच. अशा सुमारे 2 कोटी पहाण्या सुमारे 9,000 ग्राम लेखापालांच्या, म्हणजे तलाठ्यांच्या, दप्तरांत बांधलेल्या होत्या. दप्तर ज्याच्या हाती, त्याची मर्जी राखणे खातेदारास भाग पडे.

1990 नंतरच्या दशकात या नोंदी संगणकात भरण्याचा पहिला प्रयत्न झाला. नोंदी जिल्ह्याच्या ठिकाणी भरल्या गेल्या. कायदेशीर उतारा मात्र हातानेच लिहिला जात राहिला. गावी वाटण्या होत, खरेदी-विक्री होई, दप्तर बदले. संगणकातील नोंद मात्र होती तेथेच राही. यंत्र होते, माहितीही होती. ती अद्ययावत ठेवण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

दुसऱ्या प्रयत्नात ही उणीव हेरली गेली. 2002 पर्यंत 177 तालुक्यांच्या ठिकाणी केंद्रे उघडण्यात आली. त्यासाठीची आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. केंद्र सुरू होताच त्या तालुक्यातील हस्तलिखित उतारा अग्राह्य ठरविण्यात आला. त्यामुळे संगणकातील नोंद अद्ययावत ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. 15 रुपयांत उतारा मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकालात काढावे लागत. अधिकाऱ्याची ओळख बोटाच्या ठशावरून पटविली जाई. म्हणून कोणता बदल कोणी केला, हे लपविता येत नसे. खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे तोंड करून दुसरा पडदाही बसविलेला असे.

तथापि याची दुसरी बाजूही आहे. बंगळूरच्या परिसरात एकत्रित नोंदींचा लाभ मोठ्या जमीन-खरेदीदारांना अधिक झाला, असा आक्षेप काही अभ्यासकांनी 2007 मध्ये घेतला. शिवाय ज्या कुळाचे नाव मूळ कागदावरच नाही, त्याला संगणक न्याय देऊ शकत नाही.

तात्पर्य, यंत्र विकत घेता येते. नोंदीचा खरेपणा मात्र रोजच्या रोज सांभाळावा लागतो. तो कोणी सांभाळावयाचा, हे ज्या कचेरीने आधी ठरविले, तिच्याच हाती संगणक उपयोगी पडतो.