वैनगंगेचें खोरें आणि आंधळगांव

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टाचा आहे. परंतु नागपुराहून पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यांत उतरलें कीं, त्याहून फार प्राचीन अशा स्फटिकमय खडकांची भूमि लागते. पाऊस विपुल, पण तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. आणि कठीण खडकांत पाणी फारसें मुरत नाहीं. म्हणून तेथील लोकांनीं, विशेषतः कोहळी शेतकऱ्यांनीं, उतारांवर मातीचे बांध घालून तलाव केले. तलावांमागून भात आला, आणि भातामागून दाट वस्ती.

भंडारा जिल्ह्यांतील आंधळगांवाला या भूमीनें आणखी एक देणगी दिली. या भागाच्या रानांतील ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पाल्यावर कोशाचा किडा पोसतो. रानांत कोसा पिकविणारे ढीवर आणि गांवांत तो विणणारे कोष्टी, अशी ही सांखळी जुळली.

परंतु निसर्ग देतो तें आपोआप टिकत नाहीं. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांतील पुष्कळ गाळानें उथळ झाले. बांध फुटला तर भात गेला. ऐन तुटला तर माग थांबला. ज्या भूमीनें गांव वसविलें, तिची राखण गांवानेंच केली पाहिजे.