गर्भाचे पहिले अठ्ठावीस दिवस
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर वैद्यकीय विषय मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. हृदयरोग किंवा मधुमेह यांवर बोलावे, अशी सूचना काहींनी केली होती. मी मात्र जाणीवपूर्वक वेगळा विषय निवडला. आपल्या घरातील मुली आणि सुना यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे, आणि शुद्ध शाकाहार पाळणाऱ्या समाजाला तर तो विशेष महत्त्वाचा आहे.

मनुष्यदेहाचा आरंभ एका पेशीपासून होतो. त्या पेशीत सुमारे वीस हजार जनुके असतात. पुढे पेशींची संख्या कोट्यवधींवर जाते, तरी प्रत्येक पेशीतील जनुकांचा संच जवळजवळ तोच राहतो. मग एका पेशीने त्वचा व्हावे, दुसरीने मेंदू व्हावे आणि तिसरीने स्नायू व्हावे, हे कोण ठरवते? हे काम काही मोजकी नियामक जनुके करतात. ती स्वतः अवयव घडवत नाहीत. कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा शांत राहावे, याचे आदेश ती देतात. चाकणच्या एखाद्या कारखान्यात शेकडो यंत्रे असली, तरी कोणते यंत्र कोणत्या क्षणी सुरू व्हावे हे नियंत्रण कक्षातून ठरते. तसाच हा प्रकार आहे.

या नियामक जनुकांपैकी एकाचे नाव पॅक्स-३. मानवात पॅक्स कुळातील नऊ जनुके आहेत आणि त्यांतील हे तिसरे आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. या कुळाची ओळख प्रथम फळमाशीच्या अभ्यासातून पटली. माशी, उंदीर आणि मनुष्य यांच्या गर्भाची घडण इतक्या जवळच्या जनुकांच्या आदेशाने व्हावी, ही गोष्ट सर्व जीवांकडे समभावाने पाहणाऱ्यांना विचार करायला लावणारी आहे.

पॅक्स-३ गर्भाच्या पाठीकडील भागात काम करते. तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. पोळीच्या दोन्ही कडा उचलून एकमेकींना जोडाव्यात, तशा या पट्टीच्या कडा वर येतात, एकमेकींना भेटतात आणि त्यांची नळी बनते. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून मज्जारज्जू घडतो. फलनानंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी पूर्ण मिटलेली असावी लागते. खालचे टोक उघडे राहिले तर स्पायना बायफिडा हा दोष होतो. अशा बाळाच्या पायांत शक्ती नसते आणि लघवी-शौचावर ताबा राहत नाही. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी घडतच नाही आणि बाळ जगू शकत नाही.

या जनुकातील बिघाडाचे परिणाम शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. डच नेत्रवैद्य वार्डेनबर्ग यांनी १९५१ मध्ये एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. कपाळावर जन्मतः पांढरी बट, निळसर डोळे आणि बहिरेपणा ही त्याची लक्षणे. त्यातील एका प्रकाराचे मूळ पॅक्स-३ मध्ये आहे, हे १९९२ मध्ये सिद्ध झाले. ज्या उंदरांच्या गर्भात या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यांची मज्जानलिका उघडीच राहते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अशाच गर्भांना फॉलिक आम्ल पुरवल्यावर त्यांतील काहींची नलिका नीट मिटली. जनुक सदोषच होते, तरी पोषणाने काही गर्भ सावरले.

आपल्या तत्त्वचर्चेत उपादान आणि निमित्त असे दोन शब्द येतात. बीज उत्तम असले तरी माती आणि पाणी यांचे निमित्त लागते. जनुक आणि पोषण यांचे नाते काहीसे असेच आहे. माणसातील मज्जानलिकेचे बहुतेक दोष एका जनुकामुळे होत नाहीत. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि मातेच्या शरीरातील पोषणाची स्थिती, या दोन्हींच्या मिलाफातून ते घडतात. जनुके बदलणे आज आपल्या हाती नाही. पोषण मात्र आहे.

गर्भाच्या या वेगवान घडणीत पेशी सतत विभागत असतात आणि प्रत्येक विभाजनासाठी नवा डीएनए लागतो. त्याकरिता फॉलेट हे जीवनसत्त्व हवे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सात देशांत केलेल्या एका मोठ्या चाचणीत असे आढळले की, ज्या मातांना पूर्वी असे बाळ झाले होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्यास दोषाची पुनरावृत्ती जवळजवळ तीन चतुर्थांशांनी टळते. तेव्हापासून फॉलिक आम्लाची गोळी जगभर सर्वमान्य झाली.

पण फॉलेटला एका सोबत्याची गरज असते. तो म्हणजे बी-१२. शरीरात बी-१२ नसेल तर फॉलेट एका अवस्थेत अडकून पडते. ते असते, पण पेशीच्या उपयोगाला येत नाही. आणि येथेच आपल्या पुणे परिसरातील संशोधनाचा विषय येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांची वाढ पुढे अनेक वर्षे पाहिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार गर्भवती मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी होते. फॉलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. ज्या मातांमध्ये फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वांत अधिक आढळला. पुढे २०११ मध्ये पुण्याच्याच डॉ. कौमुदी गोडबोले आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बी-१२ पेशींपर्यंत वाहून नेणारे प्रथिन टीसीएन-२ या जनुकामुळे तयार होते. त्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आणि मज्जानलिकेचे दोष यांचा संबंध या अभ्यासाने भारतीय मातांमध्ये दाखवला. म्हणजे केवळ फॉलिक आम्लाची गोळी देऊन आपले कर्तव्य संपत नाही.

आता आपल्या समाजाबद्दल स्पष्ट बोलतो. बी-१२ वनस्पतींमध्ये नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. तुपात ते नसते. आयंबिलात दूध-दही वर्ज्य असते. तिथींना हिरव्या भाज्या घेतल्या जात नाहीत, म्हणजे फॉलेटचा एक मोठा स्रोत त्या दिवशी बंद होतो. वर्षीतपासारखे दीर्घ तप करणाऱ्या भगिनींच्या शरीरातील साठा आणखी खाली जाऊ शकतो. मी तपाच्या विरोधात बोलत नाही. आपल्या धर्मात शक्तीनुसार तप करण्यास सांगितले आहे. जिच्या उदरी दुसरा जीव वाढणार आहे, तिच्या शक्तीचा हिशेब वेगळा असतो, एवढेच मला सांगायचे आहे. मूल हवे असेल त्या काळात दीर्घ तप पुढे ढकलावे की काय, हे गुरुमहाराजांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

शाकाहार सोडण्याची तर मुळीच गरज नाही. औषधातील बी-१२ मांसापासून काढलेले नसते. ते जिवाणूंच्या साहाय्याने किण्वन टाक्यांत तयार होते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने बुरशीच्या किण्वनातून पेनिसिलिन घडवले. त्या कारखान्यात नोकरी केलेल्या ज्येष्ठांना ही प्रक्रिया समजावून सांगायला नको. मात्र कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. म्हणून गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मागून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेळेचा. आपल्या परिसरातील अनेक मुली आज कंपन्यांमध्ये, कार्यालयांत पाळ्यांनी काम करतात. पाळी चुकली, थोडे दिवस वाट पाहिली, मग तपासणी केली, असे होईतो सहा आठवडे उलटतात. शेवटच्या पाळीपासून मोजलेले सहा आठवडे म्हणजे फलनापासूनचे अठ्ठावीस दिवस. डॉक्टरांच्या हाती कागद येतो तेव्हा मज्जानलिका मिटून गेलेली असते किंवा उघडी राहिलेली असते. त्यानंतर सुरू केलेली गोळी इतर कारणांसाठी उपयोगी पडते. या एका कामासाठी तिला उशीर झालेला असतो.

म्हणून माझी विनंती अशी. विवाह ठरला की दागिन्यांच्या यादीबरोबर हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी. गर्भधारणेच्या किमान एक ते तीन महिने आधीपासून रोज चारशे मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आणि कमतरता असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ सुरू करावे. पूर्वी असे बाळ झालेल्या मातेला याहून पुष्कळ अधिक मात्रा लागते. ती डॉक्टरच ठरवतील. आहारात मूग, चवळी, हरभरा, पालेभाज्या आणि रोज दूध-दही असावे. अकरा ते चौदा आठवड्यांची आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये.

शेवटी एक नाजूक गोष्ट. असे बाळ जन्मले की घराघरांत पहिले बोट सुनेकडे वळते. ग्रहणात भाजी चिरली, तिचे पूर्वकर्म आड आले, अशी वाक्ये मी अनेकदा ऐकली आहेत. कर्मसिद्धान्तावर भाष्य करण्याचा अधिकार माझा नाही. परंतु ज्या स्त्रीला कोणी वेळेवर गोळी दिली नाही, तपासणी सुचवली नाही, तिला दोष देणे हा न्याय नाही. बाळाची निम्मी जनुके पित्याची असतात, हेही विसरू नये. कर्माबरोबर पुरुषार्थही मानणाऱ्या आपल्या परंपरेत गोळी वेळेवर देणे हा पुरुषार्थच होय. दोष कळल्यानंतर गर्भ ठेवावा की न ठेवावा, या प्रश्नाने अहिंसक कुटुंबाची जी घालमेल होते, ती मी जवळून पाहिली आहे. तो प्रश्न उभाच राहू नये यासाठी वेळेत केलेली तयारी ही मोठी जीवदया आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने विवाहेच्छुक मुला-मुलींसाठी रक्ततपासणीचे आणि समुपदेशनाचे एक वार्षिक शिबिर सुरू करावे, अशी नम्र सूचना करतो. त्यासाठी लागणारा वेळ मी आनंदाने देईन.