सदाफुली आणि पेशीविभाजन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने देशभर हिंडलो. या भ्रमंतीत एका झाडाने आमची साथ कधी सोडली नाही. ते म्हणजे आपली सदाफुली. उत्तरेत तिला सदाबहार म्हणतात, बंगालमध्ये नयनतारा, तामिळनाडूत नित्यकल्याणी. मूळची ती मादागास्कर बेटावरची. म्हणजे आपल्याहूनही दूर आलेली. तिच्यामुळेच आम्हांस उतारवयात पेशीविभाजनाचे पुस्तक उघडावे लागले.

2016 साली नागपूरच्या आमच्या पुतण्याच्या पाच वर्षांच्या मुलीस रक्ताचा कर्करोग झाला. औषधांत विन्क्रिस्टिन हे एक नाव होते. ते सदाफुलीपासून मिळते असे कळताच आमच्या वहिनींनी पानांचा काढा करावयास घेतला. डॉक्टरांनी त्यांस तत्काळ थांबविले. ते म्हणाले, "आजी, हे औषध आम्ही मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतो. काढ्यात काय काय आणि किती उतरले, हे कोण मोजणार? ते विष ठरेल." हे औषध करते तरी काय, हे जाणून घेण्याचे आम्ही त्या दिवशी ठरविले.

आपले सारे शरीर एका पेशीच्या विभाजनातून घडते. मानवी पेशीत 46 गुणसूत्रे असतात. पेशी प्रथम वाढते, नंतर आपल्या डीएनएची संपूर्ण नक्कल करते, ती तपासते आणि मगच विभागते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशीचे हे चक्र सुमारे 24 तासांचे असते. त्यांत प्रत्यक्ष विभाजनास जेमतेम एक तास लागतो. पंगत तासाभरात उठते, तयारी मात्र दिवसभराची, हे गृहिणींस सांगावयास नको.

वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून हा सोहळा सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळला व 1882 साली ग्रंथरूपाने वर्णिला. पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखूड व जाड होतात. मध्यावस्थेत ती मधोमध रांगेत येतात. पेशीच्या दोन टोकांकडून निघालेले तर्कुतंतू प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रतींना विरुद्ध बाजूंनी धरतात. पश्चावस्थेत प्रती दोन टोकांकडे ओढल्या जातात आणि अंत्यावस्थेत दोन केंद्रके सिद्ध होतात. शेवटी पेशी दुभंगते.

या चक्रात ठिकठिकाणी तपासणीची ठाणी आहेत. एकही गुणसूत्र तंतूंना नीट जोडलेले नसेल, तर पेशी पुढे जात नाही. सही राहिलेली फाइल अडावी, तसेच हे. पेशीचक्राचे नियमन उलगडल्याबद्दल लेलंड हार्टवेल, पॉल नर्स व टिम हंट यांना 2001 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगात हेच नियमन बिघडते आणि पेशी अनिर्बंध वाढत सुटतात.

विन्क्रिस्टिन तर्कुतंतूच बनू देत नाही. मग विभागू पाहणारी पेशी मध्येच अडकते व बहुधा मरते. परंतु औषधास आपपर कळत नाही. केसांच्या मुळांतील पेशीही भराभर विभागतात, म्हणून उपचारांत केस गळतात. मज्जातंतूंतही त्याच घडणीचे सूक्ष्म तंतू असल्याने हातापायांस मुंग्या येतात. त्या मुलीच्या बोटांत पेन्सिल ठरत नसे, ते दिवस आम्ही पाहिले आहेत.

उपचार दोन वर्षांहून अधिक चालले. ती बरी झाली. पुढे शाळेच्या पुस्तकातील पेशीविभाजनाच्या आकृत्या तिनेच आम्हांस समजावून दिल्या, आणि आमची एक चूकही काढली.

वहिनी आजही सदाफुलीची फुले देवाला वाहतात. पानांना मात्र हात लावीत नाहीत. अंगणातील झाडाविषयी आदर असावा, पण औषध डॉक्टरांच्याच हातून घ्यावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.