पवनाकाठचा चांगला उजेड

आमच्या थेरगावला समुद्र नाही. वाळूवर सूर्यास्ताचा फोटो काढायची हौस असली तर घाट उतरून कोकणात जावे लागते. पण काठ आम्हालाही आहे. मावळातून येणारी पवना रावेत, चिंचवड, थेरगाव, पिंपरी करत दापोडीला मुळेस मिळते. थेरगावात तिच्यावर केजुबाईचा बंधारा आहे, बोट क्लब आहे. रोज फिरायला जाणाऱ्यांना हा काठ इतका पाठ झालेला असतो की तो दिसेनासाच होतो. आजचे बोलणे अशा पाठ झालेल्या जागेचा फोटो काढण्याविषयी आहे.

छायाचित्रकार ‘लाइट चांगला आहे’ म्हणतात, तेव्हा त्यांना भरपूर उजेड म्हणायचे नसते. भरपूर उजेड तर भर दुपारी असतो. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीही पडत नाही. पण सावली गेली की वस्तूचा उठावही जातो. सकाळी आणि संध्याकाळी किरण तिरपे येतात. हवेचा जाड थर ओलांडताना त्यांतला निळा रंग विखुरतो आणि पिवळा-तांबूस उरतो. दगडाचा खडबडीतपणा, पाण्यावरची बारीक सुरकुती तेव्हाच नीट दिसते. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी पडद्यावर आकाशाच्या उजळ भागाला बोट लावावे आणि उजेड थोडा कमी करावा, म्हणजे आकाश पांढरेफटक होत नाही.

ओळखीच्या जागेचा मोठा फायदा असा, की तिथे पुन्हा पुन्हा जाता येते. सूर्य जूनमध्ये ईशान्येकडे सरकून उगवतो, तर डिसेंबरमध्ये आग्नेयेकडे. त्यामुळे तोच काठ दर महिन्याला वेगळा उजळतो. फ्रान्समधल्या क्लोद मोने या चित्रकाराने १८९२ ते १८९४ या काळात रुआँच्या चर्चची तीसहून अधिक चित्रे रंगवली. चर्च तेच होते, उजेड बदलत होता.

आता जरा अवघड गोष्ट. गेल्या काही वर्षांत केजुबाई बंधाऱ्यावर पवना फेसाळल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. सांडपाण्यातला साबण आणि रसायने नदीत आली, की बंधाऱ्यावरून पडताना पाण्यात हवा घुसळली जाते आणि फुगे टिकून राहतात. कोवळ्या उन्हात हाच फेस कापसासारखा, बर्फासारखा दिसतो. जलपर्णीचेही तसेच. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसते, आणि तिची जांभळी फुले फोटोत मोठी देखणी येतात. चांगला उजेड घाणीलाही सुंदर करतो, मग फोटो काढणाऱ्याने काय करावे?

आमच्या घरांत फजरच्या नमाजामुळे पहाटेला दोन नावे आहेत. सुब्ह-ए-काजिब म्हणजे खोटी पहाट. पूर्वेला उजेडाचा फिकट सुळका उभा राहतो आणि विरून जातो. अवकाशातल्या धुळीवरून परतलेला तो सूर्यप्रकाश असतो. शहरातल्या दिव्यांपुढे तो आता दिसतही नाही. सुब्ह-ए-सादिक म्हणजे खरी पहाट. ती क्षितिजावर आडवी पसरते आणि वाढत जाते. फजरची वेळ तिच्यापासून धरतात. मला वाटते, फोटोलाही ही कसोटी लावावी. क्षणभर दिपवून विरणारा फोटो वेगळा, आणि बघता बघता ज्यातले अधिकाधिक उजेडात येते तो वेगळा.

म्हणून फेस टाळू नये आणि त्याचा ढगही करू नये. चौकटीत काठ येऊ द्यावा, नाल्याचे तोंड येऊ द्यावे, पाण्यात उतरलेला माणूस असेल तर तोही येऊ द्यावा. म्हणजे पाहणाऱ्याला कळते की हे हिमालयातले बर्फ नव्हे, आपल्याच मोरीतले पाणी आहे.

एक सोपा नेम सुचवतो. काठावरचा एक दगड ठरवावा. दर महिन्याला, सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासाने त्यावर उभे राहून त्याच दिशेने एक फोटो काढावा आणि त्यावर तारीख लिहावी. वर्षाने बारा फोटो होतील. ते ओळीने मांडले, की फेस कधी आला, जलपर्णी कधी वाढली, पाणी कधी निवळले, हे घरातल्या लहान मुलालाही सांगता येईल. बातमी दुसऱ्या दिवशी जुनी होते, पण तारखेचे बारा फोटो कुणाच्याही टेबलावर ठेवता येतात. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दगडावर उभे राहायचे आहेच.