गोळी पोटात गेल्यावर

(कतारगाम, सुरत येथे मराठी भाषिक कामगार व त्यांच्या कुटुंबीयांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून कामधंद्यानिमित्त सुरतेस येऊन राहिलेल्या आपणां मंडळींशी बोलण्याचा योग आला, याचा मला आनंद वाटतो. विषय शास्त्रीय असला तरी मी कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा प्रयोगशाळेची भाषा माझ्याकडून ऐकावी लागेल, ही भीती आपण बाळगू नये.

आपण जे खातो त्याचे शरीरात रूपांतर होऊन असंख्य सूक्ष्म पदार्थ तयार होतात. काही रक्तात फिरतात, काही लघवीवाटे बाहेर पडतात. या घडामोडीस चयापचय म्हणतात. शरीरात बिघाड झाला की या पदार्थांचे प्रमाण बदलते, आणि त्यावरून रोगाची खूण पटते. अशा खुणेला जैवसूचक असे नाव आहे. कल्पना नवी नाही. प्रमेहाच्या रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेत नोंदलेले आहे. लघवीतील साखर ओळखण्याचे काम त्या काळी मुंग्यांनी केले, आज ते यंत्रे करतात, एवढाच काय तो फरक!

औषधाचेही असेच रूपांतर होते. येथे आपल्या देशातील एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध १९५२ साली प्रचारात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत संशोधकांच्या ध्यानात आले की, सारखीच मात्रा दिली तरी काहींच्या रक्तातून हे औषध लवकर नाहीसे होते, तर काहींच्या रक्तात ते बराच काळ टिकते. यकृतातील एक विकर या औषधाचे रूप पालटून त्याला निष्प्रभ करते. ज्यांचे विकर चपळ, त्यांच्या लघवीत रूप पालटलेले औषध अधिक सापडते. ज्यांचे संथ, त्यांच्या लघवीत मूळ औषधाचे प्रमाण अधिक असते. हा स्वभाव आईबापांकडून येतो; खाण्यापिण्याने किंवा व्यायामाने तो बदलत नाही. आपल्या देशात संथ प्रकारची माणसे निम्म्याहून अधिक आहेत, जपानमध्ये ती फार थोडी आहेत.

मद्रास येथे १९५६ साली क्षयरोग रासायनिक उपचार केंद्र स्थापन झाले. आज चेन्नईतील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ते ओळखले जाते. गरीब वस्तीतील रोग्याला आरोग्यधामात न ठेवता घरीच औषध दिले तर तो बरा होईल काय, हा तेथील पहिला प्रश्न होता. होतो, असे उत्तर १९५९ साली मिळाले. घरी दिलेली गोळी रोगी खरोखर घेतो की नाही, हे पाहण्यासाठी केंद्राचे लोक पूर्वसूचना न देता घरी जात व लघवीचा नमुना घेत. पुढे त्याच केंद्राने आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिले. तेव्हा चपळ विकराच्या रोग्यांना संथ विकराच्या रोग्यांपेक्षा कमी गुण आला. रोज औषध घेणाऱ्यांत मात्र हा फरक जवळजवळ उरत नाही.

मला या गोष्टीत विशेष वाटते ते असे की, लघवीच्या तपासणीने कारण उलगडले, पण उपाय साधा निघाला. प्रत्येकाचे विकर तपासत बसण्यापेक्षा औषध रोज देणे सोपे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन दिवस औषध देत असत. २०१७ सालापासून ते रोज दिले जाते. त्यामागे इतरही कारणे होती, हे नमूद केले पाहिजे.

आता संथ विकराच्या लोकांविषयी. औषध शरीरात रेंगाळल्याने त्यांना त्रासाचा संभव अधिक. हातापायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या किंवा मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्या माणसाची बोटे बधिर झाली तर त्याची रोजी बुडते. मग तो कोणास न सांगता गोळ्या सोडतो. हे घातक आहे, कारण अर्धवट उपचाराने रोग उलटतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. वास्तविक ब-६ जीवनसत्त्वाच्या स्वस्त गोळीने मुंग्यांचा हा त्रास टाळता येतो. भूक मरणे, उलट्या, डोळे पिवळे होणे ही लक्षणे मात्र यकृताची असतात. ती दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उपचार चालू असताना दारू घेणाऱ्याने हा धोका स्वतः ओढवून घेतलेला असतो.

अलीकडे एका थेंबातील शेकडो पदार्थ एकाच वेळी मोजणारी यंत्रे निघाली आहेत. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २००९ साली असे दाखवले की, पॅरासिटामॉलची गोळी घेण्यापूर्वीच्या लघवीवरूनही शरीर त्या गोळीचे काय करील, याचा काहीसा अंदाज बांधता येतो. आतड्यांतील जंतूंनी निर्माण केलेला एक पदार्थ तेथे खूण ठरला. क्षयरोग्यांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन घटते आणि त्यापासून बनणारे कायन्युरेनिन वाढते, असेही आढळले आहे. परंतु इतर आजारांतही हा बदल होत असल्याने एवढ्यावरून क्षयाचे निदान होत नाही. थुंकीची तपासणी आजही आवश्यक आहे. सर्व रोगांचे भविष्य एकाच रक्तनमुन्यावरून सांगण्याच्या जाहिराती कोणी दाखवल्या, तर खिशात हात घालण्यापूर्वी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना विचारावे, असे मी सुचवीन.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आखाजीला, लग्नसराईला आपण गावी जाता आणि तेथे गोळ्या चुकतात. निघण्यापूर्वी केंद्रावर तसे सांगून तितक्या दिवसांचे औषध सोबत घ्यावे. मुक्काम लांबणार असेल तर निक्षय नोंदणीचा क्रमांक जवळ ठेवावा. त्या क्रमांकावर आपला उपचार गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येतो, मग ते केंद्र गुजरातेत असो वा महाराष्ट्रात.