आवारातील मांजरे आणि आपले दायित्व

(देणगीदार मेळाव्यात विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)

सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट हो,



रेबीज म्हटले की कुत्रा आठवतो, आणि ते योग्यच आहे. भारतात हा रोग प्रामुख्याने कुत्र्यांमार्फत पसरतो. परंतु बाधित कुत्र्याने चावा घेतलेले मांजरही तो माणसापर्यंत पोहोचवू शकते. मांजराचा ओरखडा मात्र आपण हळद लावून विसरतो. लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असल्याने हा विसर जिवावर बेतू शकतो.

मांजर चावल्यास वा त्याने ओरबाडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोटातील १४ इंजेक्शनांची धास्ती अनेकांच्या मनात अद्याप आहे. त्या जुन्या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबले. आता लस दंडावर, ठरावीक दिवशी मोजक्या वेळा दिली जाते. जखमेतून रक्त आले असल्यास जखमेतच प्रतिद्रव्येही द्यावी लागतात.

आवारातील मांजरांना हाकलून द्यावे, अशी सूचना आमच्याकडे वारंवार येते. त्यामागील काळजी आम्ही जाणतो. तथापि उष्टे अन्न व आडोसा कायम राहिल्यास रिकाम्या जागी लस न टोचलेली नवी मांजरे येतात. त्यापेक्षा त्यांना पिंजऱ्यात पकडून पशुवैद्यांकडून निर्बीजीकरण व लसीकरण करून घ्यावे, ओळखीसाठी कानाचे टोक किंचित कापावे आणि त्याच जागी सोडावे, हा मार्ग आम्हांस श्रेयस्कर वाटतो. पिल्लांना ३ महिन्यांनंतर लस देता येते. पुढे दरवर्षी ती टोचून घ्यावी लागते. यासाठी मांजरांना नित्य खाऊ घालणाऱ्यांचे साहाय्य मोलाचे असते. कोणते मांजर नवे, कोणते आजारी, हे प्रथम त्यांनाच कळते.

रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती, की डब्यातील उरलेले अन्न जिन्याखाली वा खिडकीतून टाकू नये. देणगीदारांना विनंती, की या लसीकरणाचा खर्च रुग्णसेवेचाच भाग मानावा. कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट भारताने ठेवले आहे. त्या कार्यास आपल्या आवारापासून हातभार लागावा, हीच आमची इच्छा.