ताबा घेताना आणि ताबा देताना



१९७० साली सिडकोची स्थापना झाली. पुढे नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना साडेबारा टक्के योजनेखाली विकसित भूखंड मिळाले, आणि करंजाड्यात अशा भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या. एके काळी भातशेती करणारी कुटुंबे आता घरमालक झाली आहेत. भाडेकरू पुष्कळदा बदलीवर आलेला शिक्षक वा कर्मचारी असतो. या दोघांत तंटा उद्भवतो तो बहुधा घर सोडतेवेळी, अनामत रकमेवरून.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती त्याने टाळल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. तथापि नोंदलेल्या करारातही घराच्या स्थितीविषयी पुष्कळदा एखादेच वाक्य असते. दाराची कडी आधीच मोडकी होती की नंतर मोडली, हे त्यावरून कळत नाही. जमिनीची मोजणी करताना लगतच्या खातेदारांना बोलावतात, त्याचप्रमाणे ताबा देताना उभयतांनी मिळून खोली-खोली पाहावी आणि यादीवर दोघांनी सह्या कराव्यात.

आता मुख्य मुद्दा पावसाचा. शाळा उघडण्यापूर्वी, मे महिन्यात, बिऱ्हाडे हलतात. भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो. कोकणपट्टीत अशा वेळी घर पाहणे म्हणजे ते अर्धेच पाहणे होय! जुलैत खिडकीखाली ओल उतरते, पोपडे सुटतात, आणि वर्षअखेरीस रंगाचा खर्च अनामतीतून कापला जातो. हे न्याय्य नव्हे. वेगळे ठरले नसेल, तर घर सुस्थितीत राखणे हे कलम १४ प्रमाणे घरमालकाचे कर्तव्य आहे. मात्र ओल दिसूनही भाडेकरूने ती कळविली नाही, कपाट सरकवून झाकून टाकली, तर त्याचीही बाजू लंगडी पडते. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसरी पाहणी व्हावी. पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी घर पाहण्याचा अधिकार कलम २८ ने घरमालकास दिलेलाच आहे.

घर सोडताना तीच यादी, त्याच क्रमाने पुन्हा वाचावी. नेहमीच्या वापराने होणारी झीज ही नुकसानी नव्हे, हे तत्त्व भाडेपट्ट्यांच्या बाबतीत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानेही मानले आहे. फुटलेले बेसिन मात्र झीज नव्हे. वीजमीटरवरील आकडा, परत केलेल्या चाव्यांची संख्या आणि अनामतीतून काही कापले असल्यास त्याचे कारण, हे सारे त्याच कागदावर नोंदवून एकेक प्रत दोघांनी ठेवावी.